शिकणाऱ्यानें शिकवावें

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगीं वक्त्यानें गतकालाची थोरवी गावी व श्रोत्यांनीं ती संतोषानें ऐकावी, असा प्रघात आहे. आपल्या वाडवडिलांनीं हें मंदिर उभारलें, श्रद्धेचा दिवा तेवत ठेवला, त्याबद्दल परमेश्वराचे उपकार मानणें हें आपलें कर्तव्यच होय. तथापि जुन्या करारांत महोत्सवाच्या वर्षाचा जो विधि सांगितला आहे, तो केवळ आनंद करण्याचा नाहीं. त्या वर्षीं शिंग फुंकलें म्हणजे हातची गेलेली जमीन मूळ कुटुंबास परत मिळावी, दास झालेल्यानें मोकळें होऊन आपल्या घरीं जावें, अशी आज्ञा होती. म्हणजे महोत्सवाचें वर्ष हें देणें फेडण्याचें व माणसास पुन्हां उभें करण्याचें वर्ष होय. म्हणून मी आज एका देण्याविषयींच बोलणार आहें. तें देणें पैशाचें नव्हे, विद्येचें आहे. आणि तें फेडण्याची पाळी आपल्यांतील वृद्धांवर नसून, जे तरुण व तरुणी आज वैद्यकाचा अभ्यास करीत आहेत त्यांच्यावर आहे.

माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे. वैद्यक शिकणाऱ्या विद्यार्थ्यानें स्वतःच्या पदवीची वाट न पाहतां, आपल्या मागून येणाऱ्या मुलामुलींस शिकवावें, त्यांस वाट दाखवावी, त्यांचा वडील भाऊ किंवा वडील बहीण व्हावें. ही कांहीं नवी कल्पना नव्हे. फ्रान्स देशांत, पॅरिस शहरीं, आपल्या ख्रिस्तसभेच्याच छायेंत ही रीत दीडशें वर्षें चालत आली आहे. आणि ज्या पुरुषाचें नांव तिला दिलें गेलें, त्यानें ती त्याहीपूर्वीं स्वतः आचरून दाखविली होती. त्या पुरुषाचें चरित्र आपण आधीं पाहूं.

रेने लेनेक याचा जन्म १७८१ सालीं फ्रान्सच्या पश्चिम टोंकास, ब्रिटनी प्रांतांत झाला. तो लहान असतांनाच त्याची आई वारली. वडिलांचें संसाराकडे फारसें लक्ष नसे. त्यामुळें त्याचा सांभाळ नांत शहरीं राहणाऱ्या गियोम नांवाच्या चुलत्यानें केला. हा चुलता वैद्य होता. पुढें राज्यक्रांतीचा वणवा पेटला. १७९३-९४ च्या हिवाळ्यांत नांत शहरानें भयंकर दिवस पाहिले. हजारों माणसें मारलीं गेलीं, आणि कित्येकांस, ज्यांत अनेक धर्मगुरु होते, लुआर नदींत बुडविण्यांत आलें. अशा काळीं, १७९५ सालीं, अवघ्या चौदा वर्षांचा हा मुलगा चुलत्याच्या हाताखालीं रुग्णालयांत आजाऱ्यांची व जखमींची शुश्रूषा करूं लागला. त्याचें वैद्यकाचें पहिलें पुस्तक म्हणजे चुलत्याचा हात कसा चालतो हें पाहणें.

१८०१ सालीं तो पुढील अभ्यासासाठीं पॅरिसला आला. घरची मदत बेताची, प्रकृति नाजूक, शहर अनोळखी. परंतु तेथें त्यास दोन गोष्टी लाभल्या. एक, कोर्व्हिसार यांच्यासारखा थोर गुरु, जो विद्यार्थ्यांस केवळ ग्रंथ न सांगतां रोग्याच्या खाटेपाशीं नेत असे. दुसरी गोष्ट, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची, म्हणजे गास्पार बेल नांवाचा मित्र. हा त्याच्याहून सात वर्षांनीं मोठा होता. रोगानें शरीराच्या अंतर्भागांत काय पालट होतात तें दोघे मिळून शोधीत. क्रांतीच्या धामधुमींत ज्या तरुणांची धर्माची गांठ सैल झाली होती त्यांना पुन्हां प्रार्थनेकडे वळविणारें एक मरियाभक्त मंडळ तेव्हां पॅरिसमध्यें होतें. बेल त्या मंडळांत होता, व लेनेकही त्यांत दाखल झाला. विद्येंत आणि श्रद्धेंत, दोहोंतही, वडील सोबत्याचा हात मिळाला.

आतां यापुढची गोष्ट लक्षपूर्वक ऐकावी. १८०३ सालीं लेनेक यानें वैद्यक व शस्त्रक्रिया या दोन्ही विषयांतील पहिलीं पारितोषिकें मिळविलीं. त्याची पदवी १८०४ च्या जून महिन्यांतली. परंतु पदवी हातीं पडण्यापूर्वींच त्यानें इतर विद्यार्थ्यांसाठीं रोगविकृतीच्या शरीरशास्त्राचा खाजगी वर्ग चालू केला होता. कालपर्यंत जें स्वतः शिकला, तें आज दुसऱ्यास देऊं लागला. तो पदवीधर नव्हता, अध्यापक तर नव्हताच. तरीसुद्धां, जें आपण डोळ्यांनीं पाहिलें व हातांनीं तपासलें तें सांगण्याचा अधिकार आपणांस आहे, आणि त्याबरोबर कर्तव्यही आहे, हें त्यानें ओळखलें.

लेनेक याचें नांव जगांत झालें तें स्टेथॉस्कोपामुळें. १८१६ सालीं पॅरिसच्या नेकेर रुग्णालयांत हृदयविकाराची एक तरुण स्त्री त्याच्यासमोर आली. तिच्या छातीस कान लावणें मर्यादेस सोडून झालें असतें. तेव्हां त्यानें कागदाची घट्ट सुरळी केली, तिचें एक टोंक तिच्या छातीवर ठेवलें, दुसरें आपल्या कानास लावलें, आणि हृदयाचे ठोके त्यास पूर्वींपेक्षां स्पष्ट ऐकूं आले. पुढें तो लांकडाच्या नळ्या स्वतः चरकावर घडवूं लागला, आणि १८१९ सालीं त्यानें या विषयावरील आपला महाग्रंथ प्रसिद्ध केला. वैद्यांच्या गळ्यांत आज जें साधन दिसतें त्याचा उगम, एका गरीब स्त्रीची लाज राखण्याच्या इच्छेंत आहे, हें आपल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

परंतु या शोधाचा दुसरा अर्थही आहे. छातींतील आवाज शब्दांनीं वर्णन करून कळत नाहीं. तो ज्याचा त्यानेंच ऐकावा लागतो, आणि ऐकतांना जवळ कोणी तरी जाणता उभा असावा लागतो, जो म्हणेल, 'आतां ऐकलेंस तेंच तें.' म्हणून लेनेक याची विद्या ग्रंथापेक्षां सोबतीनें अधिक पसरली. १८२३ पासून तो शारिते रुग्णालयांत शिकवूं लागला, तेव्हां परदेशांहूनही विद्यार्थी त्याच्याकडे येत. ज्यांना फ्रेंच येत नसे त्यांच्यासाठीं तो लॅटिनमध्यें बोले. भाषेच्या बाबतींत त्याची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १८१४ सालीं, नेपोलियनच्या पडत्या काळांत, ब्रिटनीचे तरुण शिपाई पॅरिसच्या रुग्णालयांत येऊन पडले. त्यांना फ्रेंच समजत नव्हतें. आपलें दुखणें कोणास सांगतां येईना व धीराचा शब्द कानीं पडेना. लेनेक यानें साल्पेत्रिएर रुग्णालयांत त्यांची एकत्र सोय लावून घेतली, आणि तो त्यांच्याशीं त्यांच्या ब्रेतों भाषेंत बोलूं लागला. जो आपल्या बोलीस विसरत नाहीं, तोच आपल्या माणसाच्या उपयोगीं पडतो.

१८२६ च्या ऑगस्ट महिन्यांत, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, लेनेक क्षयानें मरण पावला. त्याच्या छातीवर त्याचाच स्टेथॉस्कोप ठेवून रोगाची खूण ऐकली ती मेरियादेक या त्याच्या नात्यांतील तरुण वैद्यानें, म्हणजे ज्यास त्यानें स्वतः ती विद्या शिकविली होती त्यानें. मरतांना त्यानें आपला स्टेथॉस्कोप त्यासच दिला, आणि आपल्या सर्व ठेव्यांत तोच मोलाचा मानला. गुरूनें शिष्यास शिकविलें, आणि अखेर शिष्याचा कान गुरूच्या छातीवर टेकला.

आतां त्याच्या नांवानें चाललेल्या संस्थेकडे वळूं. १८७५ सालीं पॅरिसच्या जेझुइट धर्मगुरूंनीं वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठीं एक मंडळ स्थापिलें व त्यास लेनेक याचें नांव दिलें. त्या काळीं पॅरिसच्या रुग्णालयांत प्रत्यक्ष काम करण्याचा मान विद्यार्थ्यांस स्पर्धापरीक्षेनें मिळे. ही पद्धत लेनेक विद्यार्थी होता त्याच काळीं, १८०२ सालीं, सुरू झाली होती. परीक्षेंत नेमलेल्या वेळांत, मुद्देसूद व चूक न करतां, उत्तर द्यावें लागे. तिची तयारी कशी होत असे? आधींच्या वर्षीं परीक्षा उतरलेला एक वडील विद्यार्थी चार-सहा उमेदवारांस जवळ बसवी. एकानें उठून प्रश्नाचें उत्तर द्यावें, इतरांनीं ऐकावें, आणि वडील विद्यार्थ्यानें मग त्यांतील उणें काढावें. पुन्हां दुसऱ्यानें उठावें. अशा लहान बैठकींतून पिढ्यान्‌पिढ्या वैद्य तयार झाले. लेनेक मंडळानें याच रीतीस प्रार्थनेची, सदाचाराची व सेवेची जोड दिली. आज त्या परीक्षांचें स्वरूप पालटलें आहे, परंतु मंडळ लेनेक केंद्र या नांवानें चालू आहे. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी तेथें येऊन अभ्यास करतात, आणि त्यांस शिकविणारे हे वरच्या वर्षांचे वैद्यकीय विद्यार्थीच असतात.

या मंडळाचा भार दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत मिशेल रिके या जेझुइट धर्मगुरूवर होता. नात्सी अंमलास विरोध केल्यामुळें १९४४ सालीं त्यांस पकडण्यांत आलें. माउटहाउझेन व दाखाउ येथील छळछावण्यांत त्यांनीं दिवस काढले, आणि १९४५ सालीं सुटका झाल्यावर पुढें पॅरिसच्या नोत्र दाम महामंदिरांत उपवासकाळांतील प्रवचनें दिलीं. विद्यार्थ्यांना शरीरशास्त्र शिकविणाऱ्या मंडळास अशा पुरुषाचें मार्गदर्शन लाभावें, याचा अर्थ उघड आहे. तेथें केवळ परीक्षा जिंकण्याची युक्ति शिकविली जात नव्हती. माणसाच्या जिवाचें मोल काय, हेंही शिकविलें जात होतें.

फ्रान्सच्या वैद्यकीय विद्यालयांत जो वडील विद्यार्थी नव्या विद्यार्थ्याची काळजी वाहतो, त्यास 'पारँ' असें म्हणतात. शब्द आपल्या कानांस परका आहे. अर्थ मुळींच परका नाहीं. बाप्तिस्म्याच्या वेळीं बालकाची हमी घेणाऱ्या धर्मपित्यास त्या भाषेंत हाच शब्द आहे. धर्मपिता मुलाचा जन्मदाता नसतो, त्याचा शिक्षकही नसतो. परंतु तें मूल वाट चुकलें तर त्याची विचारपूस करण्याची जबाबदारी त्यानें वेदीसमोर पत्करलेली असते. विद्येंतही असा धर्मपिता लागतो.

कोणी विचारील, शिकविण्यासाठीं अध्यापक आहेत, ग्रंथ आहेत, पैसे घेऊन शिकविणारे वर्ग आहेत; मग अर्धवट शिकलेल्या विद्यार्थ्याची गरज काय? याचें उत्तर एका लहानशा उदाहरणानें देतों. हृदयाच्या चित्रांत जी बाजू पाहणाऱ्याच्या डाव्या हातास असते, ती हृदयाची उजवी बाजू होय. नवा विद्यार्थी येथें हटकून गोंधळतो. आणि एकदां उजवें-डावें उलटें झालें, म्हणजे अशुद्ध रक्त कोणत्या कप्प्यांत येतें, फुप्फुसांकडे कोठून जातें, शुद्ध होऊन कोठें परततें, हें सारेंच उलटें होऊन बसतें. तीस वर्षें शिकविणाऱ्या अध्यापकास ही अडचण आठवतही नाहीं. परंतु जो गेल्याच वर्षीं तेथें अडखळला, तो लगेच ओळखतो व म्हणतो: 'अरे, रोगी तुझ्याकडे तोंड करून उभा आहे असें समज. उजवें-डावें त्याचें मोजावयाचें, तुझें नव्हे.' ओढा नुकताच ओलांडलेल्यास कोणता दगड निसरडा आहे तें ठाऊक असतें. आणि पाहा, या एका वाक्यांत वैद्यकाचा पहिला धडाही आला: सर्व कांहीं रोग्याच्या बाजूनें पाहावयाचें.

दुसरें कारण असें कीं, शिकविणारा स्वतः दुप्पट शिकतो. आपणांस समजलें असें वाटणें निराळें व दुसऱ्यास समजावून देतां येणें निराळें. समोरचा मुलगा 'कां?' असें विचारतो, तेव्हां पाठ केलेलें ज्ञान उघडें पडतें. आणि उद्यां हाच विद्यार्थी वैद्य झाल्यावर अशिक्षित रोग्यास त्याचा रोग सोप्या शब्दांत सांगूं शकेल. ज्यानें कधीं कोणास शिकविलें नाहीं, तो वैद्य औषध लिहून देतो, परंतु रोग्याच्या मनांतील भय घालवूं शकत नाहीं.

तिसरें कारण सर्वांत महत्त्वाचें. आज आपल्या देशांत वैद्यकाच्या प्रवेशासाठीं 'नीट' ही एकच परीक्षा आहे. २०२४ सालीं तिला २३ लाखांहून अधिक मुलेंमुली बसलीं. इतक्या गर्दींत प्रत्येक सोबती हा शत्रु वाटूं लागतो. जो मुलगा दोन-तीन वर्षें रात्रंदिवस हेंच शिकला कीं, दुसरा पडला तर मी चढेन, त्याच्या हातीं पुढें आपण आपलें आजारी मूल देणार आहों. त्याचें अंतःकरण मृदु राहावें अशी अपेक्षा कशाच्या आधारावर करावी? जो अभ्यास करतांनाच दुसऱ्यास हात देतो, त्याचें अंतःकरण त्या चुरशींतही शाबूत राहतें. आणि जो एकवार अपयशी झाला, त्याच्याजवळ जाऊन बसणारा कोणी असेल, तर तो निराशेच्या खाईंत पडत नाहीं. परीक्षेच्या अपयशानें खचून कोवळ्या वयाच्या मुलांनीं जीव दिल्याच्या वार्ता आपण वर्तमानपत्रांत वाचतों. त्यांपैकीं किती जणांस, ती रात्र निभावून नेणारा एक वडील सोबती पुरेसा झाला असता, याचा विचार प्रत्येकानें आपल्या मनाशीं करावा.

आपल्या लोकांतही वैद्यांची परंपरा लहान नाहीं. गोव्यांत वैद्यकशाळा १८४२ सालीं निघाली, आणि मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं. गोव्यांतील आर्पोरा गांवीं १८५६ सालीं जन्मलेले डॉक्टर आकासियो व्हिएगस हे याच कॉलेजाचे विद्यार्थी. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत लोक अनोळखी तापानें मरूं लागले, तेव्हां गांठीचा प्लेग तो हाच, हें त्यांनीं ओळखलें व उघडपणें सांगितलें. रोग्याच्या खाटेपर्यंत जाणें, स्वतः पाहणें, आणि जें दिसलें तें निर्भयपणें बोलणें, हें जें लेनेक यानें शिकविलें तेंच या कॅथलिक वैद्यानें मुंबईच्या चाळींत आचरिलें. असे पुरुष आकाशांतून पडत नाहींत. त्यांना कोणी तरी हातीं धरून तेथपर्यंत नेलेलें असतें.

आतां आपल्या धर्मग्रामाची गोष्ट. आपल्या मुलांस बुद्धि नाहीं असें कोणीही म्हणणार नाहीं. परंतु शेतकऱ्याच्या, कोळ्याच्या, गवंड्याच्या किंवा गिरणीकामगाराच्या घरांतील हुशार मुलीस, कोणता अर्ज केव्हां करावा, कोणती शिष्यवृत्ति मिळते, जीवशास्त्राचीं इंग्रजी नांवें कशीं पाठ करावीं, हें सांगणारें घरांत कोणी नसतें. मोठ्या शिकवणीवर्गांची फी बापाच्या ऐपतीबाहेरची असते. मराठी शाळेंतून आलेल्या मुलाची अडचण तर दुहेरी आहे. नीटची प्रश्नपत्रिका मराठींत मिळूं शकते, हें खरें. परंतु प्रवेश मिळाल्यावर कॉलेजांतील शिकविणें इंग्रजींत चालतें, आणि पहिल्या सहा महिन्यांत तो मुलगा स्वतःस मूर्ख समजूं लागतो. तो मूर्ख नसतो. त्यास फक्त एक असा सोबती हवा असतो, जो त्याच्या घरच्या बोलींत सांगेल कीं, या लांबलचक लॅटिन शब्दाचा अर्थ अमुक, आणि हें हाड तुझ्या कोपरापाशीं हाताला लागतें तेंच. ब्रिटनीच्या शिपायांसाठीं लेनेक यानें जें केलें, तें आपल्या मराठी मुलांसाठीं तुम्ही करूं शकतां.

म्हणून या महोत्सवाच्या वर्षीं माझी एक साधी सूचना आहे. रविवारच्या मिस्सानंतर दोन तास धर्मग्रामाचें सभागृह उघडें ठेवावें. वैद्यकाचे, दंतवैद्यकाचे, परिचर्येचे व औषधशास्त्राचे जे विद्यार्थी सुटींत किंवा रविवारीं घरीं असतील, त्यांनीं तेथें यावें. प्रत्येकानें तीन किंवा चार मुलांचा भार घ्यावा, अधिक नको. आणि एकदां घेतला म्हणजे वर्षभर सोडूं नये. पहिला नियम असा कीं, फी घेऊं नये व भेटही घेऊं नये. कारण प्रभूनें शिष्यांस रोगी बरे करावयास धाडलें, तेव्हां दान म्हणून मिळालेल्याचें मोल घेऊं नका, असें त्यांस बजावलें होतें. दुसरा नियम असा कीं, जें ठाऊक नाहीं तें 'ठाऊक नाहीं' असें सांगावें, व विचारून पुढच्या रविवारीं उत्तर आणावें. शिकणाऱ्या शिक्षकाचें हेंच भूषण आहे, आणि वैद्याचें तर हें आद्य व्रत आहे. तिसरा नियम असा कीं, विद्यार्थ्यानें शिकवावें, परंतु रोग्यास औषध सांगण्याचें धाडस करूं नये. शेजारीपाजारी कितीही आग्रह करोत. चौथा नियम असा कीं, ज्यानें मदत घेतली, त्यानें पुढें जातांच मागच्यास हात द्यावा. परतफेड देणाऱ्यास करावयाची नाहीं. ती मागून येणाऱ्यास करावयाची आहे. पन्नास वर्षांच्या महोत्सवाचा अर्थ अशानें पुढील पन्नास वर्षें टिकेल.

वडील भावाचें आणखी एक अवघड काम आहे, आणि तें क्लासवाले करीत नाहींत. एखाद्या मुलाचें मन वैद्यकांत नाहीं, तो केवळ आईबापांच्या हट्टापायीं झुरतो आहे, असें दिसलें, तर प्रेमानें तसें सांगण्याचें धैर्य त्यानें दाखवावें. परिचारिका, औषधविक्रेता, प्रयोगशाळेंतील तपासनीस, शिक्षक, चांगला शेतकरी, हे कोणी कमी प्रतीचे सेवक नव्हत. आईबापांनो, तुम्हांसही माझी विनंति आहे कीं, मुलाच्या गुणांची तुलना शेजाऱ्याच्या मुलाशीं करूं नका. आणि ज्यांचीं मुलें आज डॉक्टरकी शिकत आहेत त्यांनीं, 'आमच्या मुलास वेळ नाहीं,' असें म्हणून त्यास अडवूं नये. त्याचा अभ्यास मोठा आहे हें मला मान्य आहे. परीक्षेच्या दिवसांत त्यास मोकळीक द्यावी. परंतु आठवड्याच्या एकशें अडुसष्ट तासांतील दोन तास दिल्यानें कोणी नापास होत नाहीं. उलट जें शिकविलें तें कायमचें पक्कें होतें. द्रव्य दिल्यानें सरतें, विद्या दिल्यानें वाढते, हा अनुभव आपल्या देशांत फार जुना आहे.

तरुण मित्रांनो, तुम्ही जेथें बसतां त्या बाकापर्यंत तुम्ही एकटे चालत आलां नाहींत. कोणा शिक्षिकेनें शाळा सुटल्यावर थांबून तुम्हांस गणित समजावून दिलें, आईनें रात्रीं दिवा लावून तुमच्या सोबत जागरण केलें, शेजाऱ्यानें पुस्तकें दिलीं, धर्मगुरूंनीं शिफारसपत्र लिहिलें. त्या सर्वांचें देणें तुमच्याकडे आहे. ज्या सेवकानें धन्याची रक्कम जमिनींत पुरून ठेवली, त्याची गोष्ट तुम्हांस ठाऊक आहे. त्यानें ती चोरली नव्हती, उधळलीही नव्हती, तरी धन्यानें त्याचा हिशेब मान्य केला नाहीं. पदवी भिंतीवर टांगून ठेवणें म्हणजे ती रक्कम पुरून ठेवणेंच होय.

संत लूक हा वैद्य होता, आणि प्रभूची सुवार्ता लिहून ती मागून येणाऱ्यांच्या हातीं देणाराही होता. रोग्याची सेवा आणि मागच्यास शिकविणें ही दोन्ही कामें त्या एका पुरुषाच्या ठायीं मिळालेलीं आपणांस दिसतात. त्याचा सण १८ ऑक्टोबरास येतो. त्या दिवसापूर्वींच्या रविवारीं आपल्या सभागृहाचें दार उघडावें, आणि पहिल्या दिवशीं तेथें चारच मुलें आलीं तरी कोणी नाउमेद होऊं नये. लेनेक याच्या हातीं प्रथम केवळ कागदाची एक सुरळी होती.

परमेश्वर आपल्या विद्यार्थ्यांस तीक्ष्ण बुद्धि व त्याहून मृदु अंतःकरण देवो, आणि पवित्र मरिया, जी आजाऱ्यांचें आरोग्य म्हणून आपण विनवितों, ती त्यांच्या श्रमांस आशीर्वाद देवो, इतकी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.